हेन्री मॉडस्ली

हेन्री मॉडस्ली (जन्म : वूलिच, इंग्लंड, २२ ऑगस्ट १७७१, मृत्यू : लंडन, १४ फेब्रुवारी १८३१) हे ब्रिटिश यंत्रकार, संशोधक व कारखानदार होते. आटे पाडणारे पूर्ण धातूचे अचूक लेथयंत्र त्यांनी कारखान्यातील रोजच्या वापरात आणले. यंत्रे तयार करणारी यंत्रे, म्हणजेच यांत्रिक हत्यारे, घडवणाऱ्या उद्योगाचे ते एक प्रमुख प्रवर्तक मानले जातात. पोर्टस्मथच्या नौदल गोदीतील कप्पी बनवण्याची यंत्रे, एका इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत माप घेणारा मायक्रोमीटर, आटोपशीर बाष्प एंजिने आणि थेम्स नदीखालील बोगदा खोदण्याची ढाल ही त्यांची व त्यांच्या कारखान्याची महत्त्वाची कामे होत.

मॉडस्ली यांचे औपचारिक शिक्षण अल्प होते आणि त्यांनी कोणताही ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे ज्ञान पुढे गेले ते त्यांनी घडवलेल्या यंत्रांतून आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांतून. रिचर्ड रॉबर्ट्स, जोसेफ क्लेमेंट, जोसेफ व्हिटवर्थ आणि जेम्स नॅस्मिथ हे एकोणिसाव्या शतकातील नामवंत यंत्रकार कधी ना कधी त्यांच्या कारखान्यात काम करून गेले होते.

बालपण व उमेदवारी

मॉडस्ली यांचे वडील सैन्यात चाके बनवणारे कारागीर होते. लढाईत जखमी झाल्यावर त्यांची नेमणूक लंडनजवळच्या वूलिच येथील राजकीय शस्त्रागारात भांडारपाल म्हणून झाली. हेन्री हे सात भावंडांपैकी पाचवे. १७८० मध्ये वडिलांचे निधन झाले आणि त्या काळातील गरीब घरांतील अनेक मुलांप्रमाणे हेन्री यांनाही लहान वयातच कामाला लागावे लागले. वयाच्या बाराव्या वर्षी ते शस्त्रागारात काडतुसांमध्ये दारू भरण्याच्या कामावर रुजू झाले.

दोन वर्षांनी त्यांना सुतारखात्यात पाठवण्यात आले. तेथे त्यांचे मन रमले नाही. शेजारच्या लोहारशाळेचे त्यांना विशेष आकर्षण होते. पंधराव्या वर्षी त्यांची बदली लोहारशाळेत झाली आणि तापलेल्या लोखंडाला घणाने आकार देणे, पोलादाला पाणी देणे, छिन्नी व कानस चालवणे ही कौशल्ये त्यांनी झपाट्याने आत्मसात केली. थोड्याच काळात हलक्या व नाजूक घडकामातील तरबेज कारागीर म्हणून वूलिचमध्ये त्यांचे नाव झाले. पुढे मोठ्या कारखान्याचे मालक झाल्यावरही ते स्वतः ऐरणीवर आणि कानशीवर काम करीत असत.

जोसेफ ब्रामा यांच्या कारखान्यात

लंडनमधील संशोधक जोसेफ ब्रामा यांनी १७८४ मध्ये एका नव्या धर्तीच्या कुलपाचे एकस्व घेतले होते. त्या कुलपाची रचना भक्कम होती, पण त्यातील लहान भाग इतके सूक्ष्म होते की साध्या हत्यारांनी ते पुरेशा अचूकपणे व परवडेल अशा खर्चात तयार होत नव्हते. कुशल कारागिराच्या शोधात असलेल्या ब्रामा यांच्या कानावर मॉडस्ली यांचे नाव गेले आणि १७८९ मध्ये त्यांनी या अठरा वर्षांच्या तरुणाला बोलावून घेतले.

मॉडस्ली यांनी रीतसर सात वर्षांची उमेदवारी केलेली नव्हती, त्यामुळे कारखान्यातील जुन्या कामगारांनी त्यांच्या नेमणुकीला आक्षेप घेतल्याची हकीकत चरित्रकारांनी नोंदवली आहे. तिच्यानुसार मॉडस्ली यांनी तेथेच पडलेला एक झिजलेला शेगडा दिवसाचे काम संपण्यापूर्वी दुरुस्त करून दाखवण्याची तयारी दर्शवली. त्याच्या जबड्यांना नवे पोलाद जोडून, कानशीने दाते पाडून व पाणी देऊन त्यांनी तो ठरल्या वेळेत पूर्ण केला. त्यानंतर कोणी हरकत घेतली नाही.

ब्रामा यांच्या पिकॅडिलीतील दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलेले असे आणि ते किल्लीवाचून उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस जाहीर केलेले होते. हे कुलूप मॉडस्ली यांनी घडवले होते. १८५१ मध्ये लंडन येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकी कुलूपतज्ज्ञाने ते उघडेपर्यंत कोणालाही त्यात यश आले नव्हते. हॉब्ज यांनाही त्यासाठी सोळा दिवसांत मिळून पन्नासहून अधिक तास खर्च करावे लागले.

कुलपाचे भाग एकसारखे व्हावेत यासाठी मॉडस्ली यांनी खास यंत्रे बनवली. कारागिराच्या हातातील कौशल्य यंत्रात बसवण्याची ही कल्पना त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचा पाया ठरली. ब्रामा यांच्या द्रवीय दाबयंत्राला १७९५ मध्ये एकस्व मिळाले, परंतु दट्ट्याभोवतीच्या फटीतून पाणी गळत राहिल्याने ते यंत्र सुरुवातीला नीट चालत नव्हते. पाण्याच्या दाबानेच घट्ट बसणारी वाटीच्या आकाराची चामड्याची पट्टी वापरण्याचा तोडगा मॉडस्ली यांनी सुचवला, असे मानले जाते.

१७९१ मध्ये मॉडस्ली यांचा विवाह ब्रामा यांच्या घरी काम करणाऱ्या सेरा टिंडेल यांच्याशी झाला. त्यांना चार मुलगे झाले. मॉडस्ली एव्हाना कारखान्याचे मुकादम झाले होते व त्यांना आठवड्याला तीस शिलिंग वेतन मिळत होते. वाढत्या कुटुंबाचा खर्च भागवण्यासाठी १७९७ मध्ये त्यांनी वेतनवाढ मागितली. ब्रामा यांनी ती नाकारली. तेव्हा मॉडस्ली यांनी नोकरी सोडून ऑक्सफर्ड स्ट्रीटलगतच्या वेल्स स्ट्रीट येथे एक छोटी कार्यशाळा व लोहारशाळा थाटली. त्यांना मिळालेले पहिले काम एका चित्रकारासाठी लोखंडी चित्रफलकाधार बनवण्याचे होते, असे सांगितले जाते. १८०० मध्ये ही कार्यशाळा कॅव्हेंडिश स्क्वेअरजवळील मार्गारेट स्ट्रीट येथे हलवण्यात आली.

आटे पाडणारे लेथ

अठराव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक कार्यशाळांमधील लेथ लाकडी चौकटीचे होते. जॉब फिरत असताना कारागीर हत्यार हातात धरून आधारपट्टीवर टेकवी आणि नजरेच्या व मनगटाच्या बळावर धातू कापी. त्यामुळे कामाची अचूकता कारागिराच्या हातावर अवलंबून राही आणि एकाच मापाचे दोन दंडगोल मिळणेही कठीण होई. आटे पाडणे त्याहून अवघड होते, कारण जॉबच्या प्रत्येक फेऱ्यामागे हत्यार नेमके तेवढेच पुढे सरकावे लागते.

हत्यार हाताऐवजी यंत्राने घट्ट धरावे व ते सरळ मार्गावर सरकावे यासाठी सरकता हत्यारधारक, म्हणजे स्लाइड रेस्ट, वापरला जातो. मॉडस्ली यांनी ब्रामा यांच्याकडे असतानाच, १७९४ च्या सुमारास, असा हत्यारधारक तयार केला. जुन्या वळणाच्या कारागिरांनी सुरुवातीला त्याला पांगुळगाडा म्हणून हिणवल्याचे सांगतात. पण धातूचे काम जलद व एकसारखे होऊ लागल्यावर ही थट्टा ओसरली.

१७९७ ते १८०० या काळात त्यांनी हत्यारधारक, लीड स्क्रू आणि दंतचक्रे यांची सांगड घालून आटे पाडणारे लेथ बनवले. या लेथची चौकट धातूची होती आणि हत्यारधारक अचूक केलेल्या मार्गदर्शक दांड्यांवरून सरके. जॉब फिरवणारा मुख्य दंड दंतचक्रांनी लीड स्क्रूला जोडलेला असे. मुख्य दंड फिरला की लीड स्क्रू ठरावीक प्रमाणात फिरे आणि हत्यार त्या प्रमाणात पुढे जाई. दंतचक्रे बदलली की हे प्रमाण बदले. त्यामुळे एकाच लीड स्क्रूच्या साहाय्याने वेगवेगळ्या अंतराचे आटे पाडता येऊ लागले. या काळातील त्यांचे लेथ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जतन करण्यात आले आहे.

मूळ स्क्रूचा प्रश्न

या रचनेत एक मूलभूत अडचण होती. लेथवर पाडलेले आटे लीड स्क्रूच्या आट्यांइतकेच अचूक असू शकतात, कारण लीड स्क्रूतील प्रत्येक चूक जॉबवर उतरते. मग पहिला अचूक स्क्रू कशावर बनवायचा? मॉडस्ली यांनी यासाठी अनेक पद्धती वापरून पाहिल्या. त्यांतील यशस्वी ठरलेल्या पद्धतीत कठीण लाकूड, कथील किंवा पितळ अशा मऊ पदार्थाचा दंडगोल फिरवला जाई आणि चंद्रकोरीच्या आकाराचे धारदार पोलादी पाते ठरावीक कोनात तिरके धरून त्यावर दाबले जाई. पात्याच्या तिरकेपणामुळे दंडगोल फिरताना आपोआप पुढे सरके व त्याच्यावर सर्पिल रेषा उमटे. अशा पुष्कळ नमुन्यांतून सर्वांत चांगला नमुना निवडून त्यावरून पोलादी स्क्रू कापण्यात येई आणि उरलेले दोष पुन्हा पुन्हा दुरुस्त केले जात.

या परिश्रमांतून तयार झालेल्या स्क्रूंपैकी एक पाच फूट लांब व दोन इंच व्यासाचा होता. त्यावर दर इंचाला पन्नास आटे होते. त्याच्यासाठी बनवलेला नट बारा इंच लांब असून त्यात सहाशे आटे होते. खगोलशास्त्रीय व अन्य मापन उपकरणांच्या पट्ट्यांवर समान विभाग आखण्यासाठी अशा स्क्रूचा उपयोग होई.

अग्रक्रमाविषयी

लेथचा किंवा सरकत्या हत्यारधारकाचा शोध एकट्या मॉडस्ली यांनी लावला, असे विधान जुन्या लोकप्रिय लेखनात आढळते. ते अचूक नाही. लिओनार्दो दा विंची यांच्या आराखड्यांत आटे पाडणाऱ्या यंत्राची कल्पना दिसते. रशियात आंद्रेई नार्तोव यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात यांत्रिक हत्यारधारक असलेले लेथ बनवले होते. इंग्लंडमध्ये जेसी रॅम्सडेन यांनी १७७० च्या दशकात उपकरणांसाठी सूक्ष्म स्क्रू कापण्याचे लेथ तयार केले होते आणि अमेरिकेत डेव्हिड विल्किन्सन यांनी १७९८ मध्ये आटे पाडण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले. सुटे घटक पूर्वीपासून ज्ञात होते. ते एकत्र आणून पुरेशा भक्कम व अचूक स्वरूपात कारखान्याच्या नित्य कामासाठी उपलब्ध करून देणे आणि त्या वापराची परंपरा निर्माण करणे, हे मॉडस्ली यांचे खरे श्रेय होय.

आट्यांचे प्रमाणीकरण

त्या काळी प्रत्येक बोल्ट व त्याचा नट ही स्वतंत्र जोडी असे. एका बोल्टचा नट दुसऱ्या बोल्टला बसत नसे. यंत्र उघडताना प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवावी लागे व खुणा चुकल्या तर दुरुस्तीचे काम कित्येक पटींनी वाढे. मॉडस्ली यांनी आपल्या कारखान्यापुरते बोल्टचे व्यास आणि दर इंचातील आट्यांची संख्या निश्चित केली आणि त्यानुसार टॅप व डाय यांचे संच तयार केले. त्यामुळे त्यांच्या कारखान्यातील एका मापाचा कोणताही नट त्या मापाच्या कोणत्याही बोल्टला बसू लागला. त्यांचे शिष्य व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये संपूर्ण ब्रिटनसाठी आट्यांचे प्रमाण सुचवले. त्या प्रमाणाची बीजे या कारखान्यात होती.

पोर्टस्मथचा कप्पी कारखाना

शिडाच्या जहाजावर दोर ओढण्यासाठी लाकडी कप्प्या मोठ्या संख्येने लागत. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका युद्धनौकेवरच सुमारे एक हजार कप्प्या असत. फ्रान्सशी चाललेल्या युद्धामुळे ब्रिटिश नौदलाची गरज वर्षाला सुमारे एक लाख कप्प्यांपर्यंत पोहोचली होती. फ्रान्समधून आलेले अभियंते मार्क इझांबार्ड ब्रुनेल यांनी कप्प्या बनवण्याच्या यंत्रमालिकेची कल्पना मांडली व १८०१ मध्ये तिचे एकस्व घेतले. या यंत्रांचे नमुने बनवू शकेल अशा कारागिराच्या शोधात असताना एका परिचिताने त्यांची मॉडस्ली यांच्याशी गाठ घालून दिली.

मॉडस्ली यांनी बनवलेले नमुने पाहून नौदलाच्या कामांचे महानिरीक्षक सॅम्युएल बेंथम यांनी योजनेला पाठिंबा दिला. १८०२ ते १८०८ या काळात मॉडस्ली यांनी पोर्टस्मथसाठी सुमारे पंचेचाळीस यंत्रे तयार केली. लाकडाचा ठोकळा कापणे, भोके पाडणे, खाचा कोरणे, बाहेरचा आकार देणे, आतील चाक कातणे अशी प्रत्येक क्रिया एका स्वतंत्र यंत्रावर होई आणि सारी यंत्रे वाफेच्या शक्तीवर चालत. पूर्वी एकशे दहा कुशल कारागीर करीत असलेले काम दहा अकुशल कामगार करू लागले. १८०८ मध्ये या कारखान्याचे वार्षिक उत्पादन एक लाख तीस हजार कप्प्यांपर्यंत गेले.

धातूच्या यांत्रिक हत्यारांच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर एकसारख्या वस्तूंचे उत्पादन करणारा हा जगातील पहिल्या कारखान्यांपैकी एक होय. त्याच्या यशाची दुसरी बाजूही होती. कप्पी बनवण्याची पिढीजात कला असलेल्या कारागिरांचे काम या यंत्रांनी हिरावून घेतले. यंत्र बनवणाऱ्या कामगाराची प्रतिष्ठा वाढत असताना यंत्रावर काम करणाऱ्याच्या कौशल्याचे मोल घटणे, हा औद्योगिक क्रांतीतील अंतर्विरोध पोर्टस्मथमध्ये स्पष्टपणे दिसतो. यंत्रे मात्र अत्यंत टिकाऊ निघाली. त्यांपैकी काही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होती.

मापनातील अचूकता

मॉडस्ली यांच्या मते यंत्रातील अचूकतेचा उगम सपाट पृष्ठभागात होता. त्यांनी कामगारांच्या मेजांवर काळजीपूर्वक सपाट केलेले धातूचे प्रमाणपट्ट ठेवले होते. कामगार आपल्या हातातील भाग त्या पट्टावर घासून त्याचा उंचसखलपणा तपासत आणि उंचवटे खरवडून काढत.

१८०५ च्या सुमारास त्यांनी मेजावर ठेवून वापरण्याचा एक मायक्रोमीटर बनवला. त्याच्या स्क्रूवर दर इंचाला शंभर आटे होते आणि स्क्रूच्या चकतीच्या परिघाचे शंभर भाग केलेले होते. चकती एका भागाने फिरवली की जबड्यांमधील अंतर एका इंचाच्या दहा हजाराव्या भागाने, म्हणजे सुमारे ०.००२५ मिलिमीटरने, बदले. कारखान्यात मापाविषयी वाद झाला की अखेरचा निर्णय या उपकरणावर होई. म्हणून इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याच्या पदावरून त्याला लॉर्ड चॅन्सेलर हे नाव पडले. हे उपकरणही सायन्स म्युझियममध्ये आहे.

लॅम्बेथ कारखाना व बाष्प एंजिने

मार्गारेट स्ट्रीटची जागा अपुरी पडू लागल्याने १८१० मध्ये मॉडस्ली यांनी थेम्सच्या दक्षिणेस लॅम्बेथ भागातील वेस्टमिन्स्टर ब्रिज रोड येथे नवा कारखाना उभारला. ही जागा पूर्वी अश्वारोहण शाळेची होती. नौदलातून आलेले आरेखक जोशुआ फील्ड हे त्यांचे सहकारी व पुढे भागीदार झाले. मॉडस्ली यांचे मुलगे थॉमस हेन्री व जोसेफ हेही व्यवसायात आले आणि ही संस्था मॉडस्ली, सन्स अँड फील्ड या नावाने प्रसिद्धीस आली.

मॉडस्ली यांनी १८०७ मध्ये मेज एंजिनाचे एकस्व घेतले होते. तोपर्यंतची बाष्प एंजिने अवजड तुळईची असत आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र इमारत बांधावी लागे. मेज एंजिनात सिलिंडर एका मेजासारख्या चौकटीवर उभा बसवलेला असे व फिरता दंड खाली असे. हे एंजिन कमी जागेत मावे, त्यामुळे लहान कार्यशाळांनाही वाफेची शक्ती वापरणे शक्य झाले.

१८१५ मध्ये त्यांनी थेम्स नदीवरील रिचमंड या आगबोटीसाठी सतरा अश्वशक्तीचे एंजिन बनवले. सागरी एंजिने ही पुढे कंपनीची मुख्य ओळख झाली. १८२५ मध्ये इंग्लंडहून कलकत्त्यास आलेल्या एंटरप्राइझ या आगबोटीची एंजिने याच कारखान्यातील होती. वाफेच्या शक्तीची जोड असलेले जहाज इंग्लंडहून भारतात येण्याची ती पहिली वेळ होती. मॉडस्ली यांच्या निधनानंतर १८३८ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या ग्रेट वेस्टर्न या जहाजाची एंजिनेही याच कंपनीने पुरवली. त्या जहाजाचे रचनाकार इझांबार्ड किंग्डम ब्रुनेल हे मार्क ब्रुनेल यांचे पुत्र होत.

उत्पादनखर्च कमी करण्याकडे मॉडस्ली यांचे विशेष लक्ष असे. नौदलासाठी पाण्याच्या लोखंडी टाक्या बनवताना पत्र्यांना हाताने भोके पाडण्यात फार वेळ जाई. त्यांनी यासाठी भोके पाडण्याचे यंत्र तयार केले आणि त्यामुळे एका टाकीच्या पत्र्यांवरील या कामाचा खर्च सात शिलिंगांवरून नऊ पेन्सवर आला.

थेम्स बोगदा

थेम्स नदीच्या तळाखालून बोगदा खणण्याची मार्क ब्रुनेल यांची योजना १८२५ मध्ये सुरू झाली. मऊ व पाणथळ जमिनीत खोदकाम करताना कामगारांवर माती कोसळू नये म्हणून ब्रुनेल यांनी ओतीव लोखंडाची एक प्रचंड ढाल योजली होती. ही ढाल मॉडस्ली यांच्या कारखान्यात तयार झाली. तीत शेजारी शेजारी उभ्या बारा चौकटी असून प्रत्येक चौकटीत एकावर एक तीन कप्पे होते. अशा एकूण छत्तीस कप्प्यांत उभे राहून कामगार समोरची माती थोडी थोडी खणत आणि स्क्रूच्या जोरावर चौकटी पुढे ढकलल्या जात. नदीचे पाणी अनेकदा आत घुसले, काही कामगारांचे प्राणही गेले, तरी अखेर १८४३ मध्ये बोगदा लोकांसाठी खुला झाला. तो पाहण्यास मॉडस्ली हयात नव्हते. आजच्या बोगदे खोदणाऱ्या यंत्रांची परंपरा या ढालीपर्यंत मागे जाते.

कार्यपद्धती व शिष्य

मॉडस्ली देहाने उंच व धिप्पाड आणि स्वभावाने आनंदी होते. रविवारी कारखाना बंद असताना ते हातात खडू घेऊन एकटेच फेरी मारत, प्रत्येक कामगाराचे अर्धवट काम पाहत आणि त्याच्या मेजावर खडूने आपला अभिप्राय लिहून ठेवत. सोमवारी कामावर आलेल्या कामगाराला आपले काम पसंतीस उतरले की नाही, हे त्यावरून समजे.

यंत्राच्या रचनेविषयी त्यांचे विचार साधे व ठाम होते. काय साधायचे आहे याची स्पष्ट कल्पना आधी असावी, आवश्यक नसलेला प्रत्येक तुकडा काढून टाकावा आणि रचना शक्य तितकी सोपी ठेवावी, असा त्यांचा आग्रह असे. धातूच्या भागातील आतले कोपरे काटकोनी न ठेवता गोलाई देऊन घडवावेत, हे ते उमेदवारांना आवर्जून शिकवत. तीक्ष्ण कोपऱ्यापाशी ताण एकवटतो आणि तडा तेथूनच जातो, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

रिचर्ड रॉबर्ट्स यांनी पुढे रंधायंत्र व स्वयंचलित सूतकताई यंत्र बनवले. जोसेफ क्लेमेंट यांनी चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राचे भाग घडवले. व्हिटवर्थ १८२५ मध्ये या कारखान्यात आले आणि सपाट पृष्ठभाग व मापन या विषयांतील मॉडस्ली यांचे काम त्यांनी पुढे नेले. नॅस्मिथ १८२९ मध्ये स्वतः बनवलेले छोटे बाष्प एंजिन व आरेखने घेऊन भेटीस आले. मॉडस्ली यांनी शुल्क घेऊन शिकाऊ ठेवणे तोपर्यंत बंद केले होते. नॅस्मिथ यांचे काम पाहून मात्र त्यांनी या तरुणाला आपल्या खासगी कार्यशाळेत साहाय्यक नेमले. पुढे वाफेच्या घणामुळे नॅस्मिथ जगप्रसिद्ध झाले. मॉडस्ली यांच्या कार्यपद्धतीविषयी आज उपलब्ध असलेली बरीचशी माहिती नॅस्मिथ यांच्या आत्मचरित्रातून मिळते.

आटे, नट आणि क्लच

मॉडस्ली यांनी मुख्य दंड आणि लीड स्क्रू यांना जोडल्यावर एक व्यावहारिक प्रश्न पुढे आला. आटे पाडताना हत्यार एकाच फेरीत पूर्ण खोलीपर्यंत कापत नाही. ते पुन्हा पुन्हा आरंभाशी आणावे लागते आणि प्रत्येक वेळी आधीच्या खाचेतच उतरवावे लागते. जॉबच्या खांद्यापाशी ते वेळेत थांबले नाही तर हत्यार किंवा जॉब मोडतो. पुढील काळातील लेथमध्ये यासाठी दोन भागांत उघडणारा हाफ नट सर्वत्र रूढ झाला. तो उघडला की लीड स्क्रू फिरत असूनही हत्यार थांबते.

हाफ नटला एक मर्यादा आहे. जॉबवरील आट्यांचे अंतर लीड स्क्रूच्या आट्यांशी सोप्या प्रमाणात नसेल, उदाहरणार्थ इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडायचे असतील, तर एकदा उघडलेला नट पुन्हा योग्य जागी बंद होईलच असे नाही. अशा वेळी नट बंद ठेवून संपूर्ण लेथ उलट फिरवावे लागते आणि मोटर बंद केल्यावरही मुख्य दंड काही फेरे फिरत राहिल्याने धोका वाढतो. यावर एक उपाय म्हणजे एकाच दाताचा डॉग क्लच. मुख्य दंडाच्याच गतीने फिरणाऱ्या भागावर, बदलत्या दंतचक्रांच्या आधी, तो बसवतात. क्लच सोडताच दंतचक्रे व लीड स्क्रू तत्काळ थांबतात आणि मुख्य दंड मोकळा फिरत राहतो. मग नट बंदच ठेवून लीड स्क्रू हाताने उलट फिरवून हत्यार मागे आणता येते. दात एकच असल्याने क्लच एका फेऱ्यात एकाच स्थितीत पुन्हा जुळतो. त्यामुळे हत्यार नेहमी आट्यांच्या पूर्ण अंतरांच्या पटीतच सरकलेले असते आणि आट्यांचे अंतर कोणतेही असले तरी मूळ खाच चुकत नाही.

छंद म्हणून धातुकाम करणारे अनेक जण आपल्या छोट्या लेथसाठी असा क्लच स्वतः बनवतात. सरकत्या गाडीचा धक्का लागताच तो आपोआप सुटेल अशी दांडीही काही जण जोडतात. लेथचा भाग त्याच लेथवर कातून त्याची क्षमता वाढवण्याची ही रीत मॉडस्ली यांच्या परंपरेला धरून आहे, कारण तेही चांगल्या स्क्रूवरून अधिक चांगला स्क्रू आणि चांगल्या यंत्रावरून अधिक चांगले यंत्र घडवीत गेले.

अखेरचे दिवस

उत्तरायुष्यात मॉडस्ली यांना खगोलशास्त्राची गोडी लागली. दुर्बीण बनवून खासगी वेधशाळा उभारण्याचा त्यांचा मनोदय होता आणि त्यासाठी त्यांनी लंडनच्या दक्षिणेस नॉरवुड येथे घर घेतले होते. जानेवारी १८३१ मध्ये फ्रान्समधील एका आजारी मित्राला भेटून परत येताना इंग्लिश खाडी ओलांडताना त्यांना थंडी बाधली. सुमारे चार आठवड्यांच्या आजारानंतर १४ फेब्रुवारी १८३१ रोजी त्यांचे निधन झाले. वूलिच येथील सेंट मेरी मॅग्डलीन चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. तेथील ओतीव लोखंडी स्मारकाची रचना त्यांनीच केली होती व ते त्यांच्याच कारखान्यात ओतले गेले होते.

वारसा

मॉडस्ली, सन्स अँड फील्ड ही कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालली. मॉडस्ली यांचे पुत्र विल्यम आणि भागीदार फील्ड हे लंडनमध्ये १८१८ मध्ये स्थापन झालेल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या संस्थापकांपैकी होते. नातू आल्फ्रेड पर्सिव्हल मॉडस्ली यांनी मध्य अमेरिकेतील माया संस्कृतीच्या अवशेषांचा अभ्यास केला. पणतू रेजिनाल्ड वॉल्टर मॉडस्ली यांनी १९०३ मध्ये कॉव्हेंट्री येथे स्टँडर्ड मोटर कंपनी स्थापन केली. भारतीय रस्त्यांवर एकेकाळी परिचित असलेल्या स्टँडर्ड हेराल्ड या मोटारीच्या नावात त्या कंपनीचे नाव टिकून होते.

मॉडस्ली यांच्यापूर्वी यंत्राचा दर्जा एखाद्या कारागिराच्या हातावर ठरत असे. त्यांच्या पिढीनंतर तो यंत्र बनवणाऱ्या यंत्रावर ठरू लागला. कोणत्याही दुकानातून घेतलेला नट त्याच मापाच्या कोणत्याही बोल्टवर फिरतो, ही आज सर्वांनी गृहीत धरलेली सोय त्या बदलाचा सर्वांत साधा पुरावा होय.